वरची शेवटची खाच

रविवार, १० ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. आयुष्यात काहीतरी घडायला लागलं आहे आणि त्याची नोंद राहिली पाहिजे.

सकाळी आनंदरावांचा फोन. आनंदराव म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. फोन मधूच्या मोबाइलवर होता, ती पोळ्या करत होती म्हणून मी घेतला. गणपतीत शनिवारी, तीस तारखेला, कार्यक्रम आहे, त्यात मधुमतीवहिनींनी एक गाणं म्हणावं अशी कमिटीची फार इच्छा आहे, असं म्हणाले. मधू लग्नाआधी मिरजेला पाध्येबाईंकडे गाणं शिकायची. लग्नानंतर माझ्या बदल्या. भोपाळ, रांची, रायपूर, आता जयपूर. विमा कंपनीत बदलीला नाही म्हणता येत नाही. गाण्याला म्हणता येतं, त्यामुळे ते राहिलं.

मी आनंदरावांना सांगून टाकलं की ती गाईल आणि साथीला मी गिटार वाजवीन. मग त्यांनी विचारलं, गजाननराव, तुम्ही वाजवता? वाजवायचो, म्हटलं. सांगलीला, कॉलेजच्या गॅदरिंगला. बघा मग तुमचं तुम्ही, म्हणाले. हा होकार समजतो.

मधूला सांगितलं. तव्यावरची पोळी करपली. गाईन, म्हणाली. कोणतं गाणं तेही तिथल्या तिथे ठरलं, पाध्येबाईंनी खास तिच्यासाठी बांधलेलं भजन. म्हणजे गेली वीस-बावीस वर्षं तयारच होतं की काय कोण जाणे. माझ्या साथीचं सांगितलं तर म्हणाली, बघू.

दोघांचा एकत्र कार्यक्रम. घराला बरं असतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

ऑफिसमधून थेट राजा पार्क. चावलाजींचं वाद्यांचं दुकान. खाली छोले-कुलचे, वर गिटारी. साधी गिटार घ्यायची असं ठरवून गेलो होतो. भिंतीवर एक इलेक्ट्रिक गिटार दिसली, मोतिया रंगाची, बाकीच्यांपासून जरा लांब टांगलेली. हात लावू नये अशी पाटी. मी हात लावला.

चावलाजींनी खाली काढून समजावलं. इलेक्ट्रिक गिटारीला एक लोखंडी दांडी असते, तिला ट्रेमोलो म्हणतात. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर खाली येतो, ओढली की वर जातो. साध्या दांडीत प्रत्येक तार आपल्या मर्जीने कमीजास्त होते, त्यामुळे सगळा कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, बेसूर. या गिटारीत प्रत्येक तारेला स्वतंत्र चाक आहे. दांडी हलवली की सहाही तारा एका मापाने वरखाली होतात. आणि दांडीला खाचा आहेत. खाचेत अडकवली की अख्खी गिटार दुसऱ्या पट्टीत जाऊन बसते. बोटं होती तिथेच.

मी स्टुलावर बसलो. का, ते लिहून ठेवतो. मला एकच पट्टी येते. सांगलीला गिटार शिकवणारे सर दुसऱ्या महिन्यातच इचलकरंजीला निघून गेले. तोवर आमची पांढरी तीनच झाली होती, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी. गेली तीस वर्षं मी समजत होतो की माझ्यात काही कमी आहे. कमी गिटारीत होतं.

मधूची पट्टी काळी चार. या गिटारीची वरची शेवटची खाच म्हणजे बरोबर काळी चार. याला योगायोग म्हणत नाहीत.

किंमत विचारली. ती इथे लिहीत नाही. कलेचं मोल करू नये. चावलाजी म्हणाले की जयपूरमध्ये जो तो लग्नाच्या संगीतासाठी साधी गिटार मागतो, ही कोणी खाली उतरवत नाही. घरी न्या, गणपती होईपर्यंत ट्रायल घ्या, आवडली तर ठेवून घ्या. छोटा अँप्लिफायरही दिला. मी घेतो असं म्हटलं नाही. फक्त मान हलवली.

बुधवार, १३ ऑगस्ट

मधूने गिटार पाहिली. ही आपली का, एवढंच विचारलं. ट्रायलची आहे म्हटल्यावर सोफ्यावर जागा करून दिली.

अनुया कॉलेजातून आली. आमची मुलगी, सेकंड इयर. मराठी समजतं सगळं, बोलताना मधेच गाडी सायडिंगला लागते. म्हणाली, बाबा, मतलब, तुम्हाला ये बजवता येतं खरंच? मी दांडी दाबून दाखवली. ती बराच वेळ दांडीकडे बघत राहिली. या पिढीला दर्जेदार वस्तू बघायची सवय नाही.

संकल्प : रोज सकाळी साडेपाच ते सात रियाज. चहा नंतर.

गुरुवार, १४ ऑगस्ट

साडेपाचला उठलो. स्वयंपाकघरात मधूचा तानपुरा चालू होता. तानपुरा म्हणजे मोबाइलवरचं ॲप. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा, दार लोटलेलं, आणि ही ओट्यापाशी पाटावर बसून खालचा सा लावतेय. घरात एका वेळी दोन वाद्यं बरी नव्हेत, म्हणून परत झोपलो. रियाज संध्याकाळी.

संध्याकाळी : वाद्य वाजवण्याआधी समजून घेतलं पाहिजे. मॅन्युअल वाचलं. पान अकरापर्यंत. शाळेत असताना सायन्सला जायला हवं होतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन, जिलेबी, मग दिवस मोकळा. बाल्कनीत बसलो. समोर गोपालपुऱ्याच्या कोचिंगवाल्या मुलांचं हॉस्टेल. अँप्लिफायर बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवला, पोरांना अभ्यासात जरा विरंगुळा. पांढरी तीनमधले माझे दोन्ही कॉर्ड वाजवले. मग दांडी दाबून तेच. मग ओढून तेच. समोरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. पंख्याखाली शांतपणे ऐकायचं असेल.

थोड्या वेळाने हॉस्टेलचा वॉर्डन खाली येऊन आमच्या बिल्डिंगच्या चौकीदाराशी बोलत होता. चौकशी चाललेली दिसली. मी हात केला.

रविवार, १७ ऑगस्ट

मधूबरोबर पहिली प्रॅक्टिस. सुरुवातीला तिला म्हटलं, दांडी नवीन आहे, तिला दमवायला नको, आज तूच जरा पांढरी तीनला गा. तिने करून पाहिलं. दोन ओळींतच आवाज विहिरीच्या तळाशी गेला. थांबली, पाणी प्यायली. मी समजावलं की खालच्या सुरात शब्द चांगले कळतात. ती शांतपणे म्हणाली की हे भजन बाईंनी तिच्या गळ्यावर बसवलंय, ते काळी चारलाच राहू दे.

कलाकाराने लवचीक असावं. पण वाद घातला नाही. दांडी ओढून वरच्या शेवटच्या खाचेत बसवली आणि सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात दांडी खाचेतून निसटली. गिटार धाडदिशी खाली, मधू वरच. मी थोडा वेळ तिची वाट पाहिली. ती काही खाली आली नाही. साथीदाराकडे लक्ष ठेवायचं असतं हे गाणाऱ्यांना कोणी शिकवत नाही, पाध्येबाईंनीही शिकवलेलं दिसत नाही.

मधू म्हणाली, आज एवढं पुरे. म्हणजे माझी तयारी तिच्या मानाने पुढे आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पान अठ्ठावीस. दांडी ज्या पत्र्याला लावलेली आहे त्याच्या मागे एक स्क्रू, त्यावर लाल टिंब. हा स्क्रू फिरवू नये असं ठळक अक्षरात लिहिलं आहे. का, ते लिहिलेलं नाही. अशा अर्धवट सूचना आमच्या कंपनीच्या सर्क्युलरमध्येही असतात आणि त्या पाळल्या की नुकसान होतं, हा अनुभव आहे.

अर्धा फेरा फिरवला.

बुधवार, २० ऑगस्ट

का ते समजलं.

एक तार लावली की उरलेल्या पाच उतरतात. त्या लावल्या की पहिली चढते. कालपर्यंत सहाही तारा एका मापाने वरखाली होत होत्या. आज सहाजणींची सहा तोंडं. ऑफिसला फोन करून सांगितलं की अंगात कणकण आहे. खोटं नाही, होतीच.

मधू आता सकाळबरोबर दुपारीही गाते म्हणे. आज घरी होतो म्हणून कळलं. जेवण झाल्यावर भांडी आवरली आणि दार लावून बसली. तार लावताना तिचा आवाज मधे येत होता. दोनदा दार वाजवून सांगावं लागलं.

रविवार, २४ ऑगस्ट

मधू आणि अनुयाला आज बगरूला न्यायचं कबूल केलं होतं. कार्यक्रमासाठी छापाची साडी, तिथे कारागिराकडून घ्यायची असं मधूच्या मनात फार दिवसांपासून आहे. पण चार तारा जमल्या होत्या आणि हात सोडला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. त्या दोघी बसने गेल्या.

परत आल्या तेव्हा मी पाचव्या तारेवर होतो. मधूने समोर उभं राहून साडी अंगावर धरून दाखवली. मान वर केली असती तर तार गेली असती, म्हणून खाली बघूनच छान आहे म्हटलं. खरंच छान होती असं अनुया म्हणाली.

रात्री जेवताना एकदम सुचलं. स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला. सगळं जागच्या जागी. मॅन्युअल लिहिणाऱ्याला विषय माहीत आहे, मांडणी कच्ची आहे. आठवडा वाया गेला असं कोणी म्हणेल. मी त्याला वाद्याशी मैत्री म्हणतो.

उद्यापासून रियाज. साडेपाच.

सोमवार, २५ ऑगस्ट

मैत्री करून मनगट दुखतंय. उद्यापासून.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आज मोठा दिवस. मंडळाच्या हॉलमध्ये गणपती बसला आणि संध्याकाळच्या आरतीला मी गिटार घेऊन गेलो. कोणाला न सांगता. सरप्राइज.

यामागे विचार आहे. आरती कधीच एका पट्टीत होत नाही. सुरू करणारा जिथे सुरू करेल तिथे ती सुरू होते आणि दर आरतीला वर सरकते. आमच्याकडे आरती विनयाताई सुरू करतात. कर्नलसाहेबांच्या मिसेस, मिलिटरी स्टेशनमधून येतात, आवाज परेड ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. मंडळाचे पेटीवाले दरवर्षी दुसऱ्या आरतीला भाता लावून हात जोडून उभे राहतात. म्हणजे ज्याच्या हातात सरकणारी पट्टी आहे तोच आरतीला साथ करू शकतो. जगात ही दांडी ज्याने काढली त्याला गणपतीची आरती माहीत नसणार, पण काढली ती याचसाठी.

पहिली आरती, पहिली खाच. दुसरीला दुसरी. कुठे मागे पडलो असेन तर तो विनयाताईंचा वेग. देवीच्या आरतीला शेवटच्या खाचेत पोचलो. चौथीला विनयाताई त्याच्याही वर गेल्या. खाचा संपल्या. मी दांडी दोन्ही हातांनी ओढून धरली. म्हणजे वाजवणं थांबलं, पण पट्टी गाठली होती. मंत्रपुष्पांजलीच्या तोंडाशी सगळ्यांत बारीक तार तुटली. अँप्लिफायर मी जरा मोठाच ठेवला होता. आनंदरावांच्या हातातल्या तबकातली निरांजनं विझली. मागच्या लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर कोणी काही बोललं नाही. भारावले असावेत. प्रसाद देताना आनंदरावांनी मला दोन मोदक दिले आणि उद्यापासून झांजा वाजवा म्हणाले, झांजांना माणूस कमी पडतोय. माझ्यावर ताण नको म्हणून.

घरी आल्यावर मधू अनुयाला आतल्या खोलीत घेऊन बराच वेळ बोलत बसली. मी दाराशी गेलो तर दोघी गप्प.

गुरुवार, २८ ऑगस्ट

चावलाजींकडून नवीन तार आणली. तुटली कशी विचारत होते. म्हटलं, आरतीत. त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरात एकदम वातावरण बदललंय. अनुया आपणहून म्हणाली, कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्या भैयाजवळ ती बसेल, सगळ्या वायरी तीच बघेल. पोरीला अखेर बापाच्या कलेत रस वाटायला लागला. रक्त शेवटी रक्त.

मधूला म्हटलं, अजून एकदोनदा एकत्र बसू. नको म्हणाली, तुम्ही वाजवा तुम्हाला हवं तसं. साथीदारावर इतका विश्वास मी मोठमोठ्या मैफिलीतही ऐकलेला नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट, दुपार

आज कार्यक्रम. मधू सकाळपासून गरम पाणी पितेय. साडीला इस्त्री तिनेच केली, माझ्या कुडत्यालाही. एकाच बाहीवर तीनदा इस्त्री फिरवली तिने. मी धीर दिला. म्हटलं, चुकलीस तर मी सांभाळून घेईन.

रविवार, ३१ ऑगस्ट

घडलं तसं लिहितो.

हॉल भरलेला. मधू मध्ये, तिच्यापुढे मोबाइलवर तानपुरा, मी तिच्या डाव्या हाताला खुर्चीवर. अँप्लिफायर नको म्हणून अनुयाने माझी वायर थेट साउंडवाल्याच्या मशीनला स्वतः जोडली आणि अंगठा दाखवला. दांडी वरच्या शेवटच्या खाचेत. अंगठ्याने दाबून धरली, निसटायला नको म्हणून. पूर्ण भजनभर नजर खाचेवरून हलवली नाही. याला एकाग्रता म्हणतात.

आणि जमलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकदाही कुठे खटकलं नाही. मी काय वाजवतोय आणि ती काय गातेय यात फटच नव्हती. गिटार आहे की नाही हे समजू नये अशी साथ. माझ्या बाजूला स्पीकर नव्हता, पण कलाकाराला आतून ऐकू येतं.

भजन संपलं. टाळ्या. लोक उभे राहिले. विनयाताई डोळे पुसत होत्या. मी उठून नमस्कार केला. मधू बसूनच होती, दोन्ही हात मांडीवर, घामाघूम. तिला सुचलं नसावं.

नंतर अभिनंदन. बहुतेक जण आधी मधूकडे जात होते, ते रीतच आहे. आनंदराव मला म्हणाले, गजाननराव, अगदी शांत बसलात हो, बरं केलंत. स्टेजवरच्या वावराची त्यांना जाण आहे. विनयाताई म्हणाल्या की एकेक शब्द कानात पडला. साथ संयमित असली की असं होतं.

आज विसर्जन. मिरवणुकीत झांजा वाजवल्या.

सोमवार, १ सप्टेंबर

चावलाजींना फोन करून सांगितलं, गिटार ठेवून घेतोय. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. कार्यक्रमाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आला की पाठवतो म्हटलं, दुकानात लावा.

नवरात्रात दोघांचा पूर्ण दोन तासांचा कार्यक्रम करावा असा विचार आहे. नाव नंतर ठरवू. माझं आधी असावं असा आग्रह नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

व्हिडिओ आला. ऑफिसमध्येच ऐकला. मोबाइलचा स्पीकर छोटा, गिटार येत नाही.

घरी हेडफोन लावून ऐकला. येत नाही. अनुयाचे मोठे हेडफोन लावले. तानपुरा येतो. मधूचा श्वास येतो. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलेलं येतं. पंख्याची घरघर येते. माझा हात तारांवर फिरताना स्पष्ट दिसतो.

रेकॉर्डिंग खराब आहे. अनुयाला विचारलं. आईला विचारा, म्हणाली, आणि अभ्यासाला बसली. ती या वेळेला अभ्यासाला कधी बसत नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

विचारलं. मधू भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"मीच सांगितलं होतं अनुयाला, तुमची लाइन बंद ठेव म्हणून."

मी म्हटलं, मला सांगायचं होतं. मी ऐकलं असतं.

"पहिल्याच दिवशी 'बघू' म्हटलं होतं. अहो, बावीस वर्षांनी गात होते मी. ते एवढं एक गाणं मला अख्खं हवं होतं."

भाजीचं ताट उचलून आत गेली.

मला राग आला. भयंकर राग आला. बाप-नवऱ्याला सगळ्या हॉलसमोर मुक्या बाहुल्यासारखं बसवलं. आनंदरावांना माहीत होतं का? साउंडवाल्या भैयाला तर होतंच. बघू म्हणजे नाही, हे काय मला कळत नाही? ऑफिसात क्लेमवाल्यांना मी रोज बघू म्हणतो. पण घरात तरी माणसाने स्पष्ट बोलावं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

व्हिडिओ परत पाहिला. बिनगिटारीचा आहे हे माहीत असल्यामुळे या वेळी गिटार शोधायची नव्हती. मग नुसतं गाणं उरलं.

साडी मातकट लाल आहे. काठाला काळी वेल. तिला फार शोभते. दुसऱ्या कडव्याला ती डोळे मिटते आणि एका जागी वर जाऊन थांबते, इतका वेळ की आता उतरणार नाही असं वाटतं, आणि मग सावकाश उतरते. पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा हात आपोआप छातीशी जातो. सगळा हॉल तिच्याकडे बघतोय. व्हिडिओत एकच माणूस दुसरीकडे बघतो आहे. तो खाचेकडे बघतोय.

इतकी वर्षं मी हिच्या घरात राहतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तिला म्हटलं, चांगलं गायलीस. ती म्हणाली, आज काय झालं तुम्हाला? तरीपण चहात आलं जरा जास्त होतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

गिटार परत केली. चावलाजींनी हसून घेतली, जणू पहिल्यापासून माहीत होतं. ट्रेमोलो कसा वाटला विचारलं. म्हटलं, उत्तम आहे, अजिबात जाणवत नाही. मंडळातल्या कोणीतरी पाठवलेलं मॅडमचं गाणं आमच्या मिसेसने ऐकलं म्हणाले, चार वेळा लावलं. बिना बाजे के क्या गाया है, म्हणत होती. मी मान हलवली. जिना उतरून छोले-कुलचे खाल्ले.

वाद्य म्हणून दोष नव्हता. एवढंच की त्याला मधूची पट्टी गाठता येते, मधू गाठता येत नाही. हे मॅन्युअलमध्ये लिहायला हवं.

रविवार, १४ सप्टेंबर

अजमेरच्या मंडळाचा फोन. नवरात्रात मधूने तिथे गावं, पूर्ण तासभर. फोन तिच्या मोबाइलवर होता आणि ती पोळ्या करत होती. मी तिच्याकडे नेऊन दिला.

संध्याकाळी तिने आपणहून विचारलं, याल का बरोबर. तानपुऱ्याच्या ॲपवर गाण्याआधी बटण दाबायला स्टेजवर माणूस लागतो, तिचे हात घामेजतात. मी विचार करून होकार दिला. जबाबदारीचं काम आहे. आनंदरावांना कळवलं. नवीन कुडता शिवायला टाकावा म्हणतो.

मधूने शिकवलं. मोबाइल हातात घ्यायचा, काळी चार आहे ना बघायचं, तिने मान हलवली की बटण दाबायचं. आणि मग गाणं संपेपर्यंत हात लावायचा नाही.

पहिला भाग जमला. दुसऱ्याचा रियाज उद्यापासून, साडेपाच.